आई झोपली हाय

प्रियाच्या घशाला काही त्रास आहे का, असं शाळेतल्या मॅडमनी विचारलं आणि सुरेंद्र एकदम ‘नाई’ म्हणून बसला. मग त्याला वाटलं, फारच लवकर म्हटलं आपण. मॅडम फाटकाशी उभ्या होत्या, आत डब्याची सुटी चालली होती, पोरांचा नुसता कल्ला होता. पोरगी हुशार आहे, मॅडम सांगत होत्या, सगळं येतं तिला, पण बोलते ती अशी. आणि त्यांनी स्वतःचा आवाज खाली नेऊन दाखवला, नुसत्या वाऱ्यावर. कविता म्हणताना ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. बाकीची पोरं तिच्या तोंडाशी कान नेतात आणि मग तीच ओरडून सांगतात, मॅडम, प्रिया पाणी प्यायला जाऊ का म्हणते, मॅडम, प्रियाची पेन्सिल तुटली. एकदा दवाखान्यात दाखवून द्या, मॅडम म्हणाल्या, उशीर करू नका. सुरेंद्रनं मान हलवली. प्रिया त्याच्या पँटला धरून उभी होती. तिनं वर बघून काहीतरी म्हटलं, आणि तो सवयीनं खाली वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला. वाकला आणि तसाच अडकल्यासारखा राहिला, कारण मॅडम बघत होत्या. “बाबा, आई उठली का?” असं पोरगी विचारत होती.

शाळेतून घर म्हणजे गाडीवर कितीसं दूर, पण त्या दिवशी त्यानं मोठा फेरा घेतला. एसटीच्या डेपोत अर्ध्या दिवसाची सुटी टाकलीच होती, प्रियालाही मॅडमनी त्याच्यासोबत सोडलं होतं, आणि घरी जाऊन करायचं काय तर पाय न वाजवता फिरायचं. गडचिरोलीत थंडीच्या दिवसांत दुपारी एक पिवळं, सुस्त ऊन पडतं, दुकानदार पायऱ्यांवर खुर्च्या टाकून बसतात, कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपतात आणि एसटीसुद्धा त्यांना वळसा घालून जाते. चामोर्शी रस्त्याच्या वळणावर एका भिंतीला नाटकाचं पोस्टर होतं, लाल-पिवळं-हिरवं, त्यात कोपऱ्यात दामिनीचा चेहरा. गाल गुलाबी केलेले आणि डोळ्यांत पाणी. मागे बसलेली प्रिया काहीतरी म्हणाली. त्याला शब्द कळला नाही, शर्टातून पाठीला तिचा श्वास तेवढा गरम लागला. ‘आई’ म्हणाली असेल. दुसरं काय म्हणणार?

दामिनी नाटकात काम करते. या झाडीपट्टीच्या मुलखात हे कुणाला समजावून सांगायला नको. दिवाळी झाली, धान कापून झालं, मंडई, म्हणजे गावच्या जत्रा, भरायला लागल्या की गावोगाव नाटकं लागतात. लोक जेवणं आटोपून चादरी-घोंगडी घेऊन मंडपात येऊन बसतात ते उजाडेपर्यंत उठत नाहीत. लेकी-जावई, मामा-मावशा, सगळे नाटकाच्या निमित्तानं गोळा होतात, आणि ज्या घरी त्या दिवशी पाहुणा नाही त्या घराकडे गाव जरा वळून बघतं. होळीपर्यंत हे असं चालतं. सगळ्या मुलखाचा पाहुणचार करणाऱ्या या हंगामात सुरेंद्रच्या घरची बाई तेवढी घरी नसते. दिवस कलायच्या आत नाटक कंपनीची गाडी येते, ती जाते. सकाळी अंगणात ऊन आलं की गाडी परत येते, ती उतरते, कानामागे रंग तसाच असतो, पोरांचे मुके घेते, दोन घास खाते आणि मधल्या खोलीत झोपते. मग घर कुजबुजायला लागतं.

हे कुजबुजणं सुरेंद्रनं बसवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमान होता. कुकरची शिटी त्यानं काढून फळीवर ठेवून दिली, डाळ उघड्या भांड्यात शिजायची. दाराच्या घंटीची वायर सोडवली. टीव्हीचा आवाज बंद. पोरं कार्टून बघायची आणि त्यातला उंदीर काय म्हणतो, मांजर काय म्हणतं, ते आपल्या मनानं एकमेकांच्या कानात सांगायची. छोटा पवन अजून नीट बोलायलाही लागला नव्हता, पण रडू आलं की स्वतःच तोंडावर हात ठेवायचा. शेजारच्या धुरपताबाई सकाळी पोरांकडे बघायला यायच्या, त्यासुद्धा उंबऱ्यातून आत आल्या की पदर तोंडाशी धरायच्या. “आई झोपली हाय,” एवढंच म्हणायचं, ओठांवर बोट ठेवायचं. आणि गंमत म्हणजे हाच माणूस दिवसभर एसटीच्या वर्कशॉपात ओरडून बोलतो. तिथे इंजिन चालू असतं, कुणी पत्रा ठोकत असतं, घसा फोडल्याशिवाय दहा नंबरचा पाना मिळत नाही. दुपारी हात धुऊन तो घरी जेवायला आला की आवाज मोटरसायकलसोबत बाहेर उभा करून आत येतो. मी करतो म्हणून ती झोपू शकते, असं तो स्वतःशी म्हणायचा. ते म्हणताना छातीत एक कडू, गोड असं काहीतरी व्हायचं. कडू जास्त.

भांडणं झालीच नव्हती असं नाही. दिवाळीत झालं होतं, फराळाचे डबे भरता भरता. त्यानं म्हटलं होतं, पोरं लहान आहेत तोवर तरी थांब. ती म्हणाली, हंगाम एकदा सुटला तर कंपनी दुसरी बाई बघते, मग कोण बोलावतं? डबे मात्र नीट भरले गेले. मग पवनला ताप आला तेव्हा. पोरगं तापानं फणफणलेलं, ‘आई, आई’ करत होतं, आणि फोन लागत नव्हता, कारण ती जिथे होती तिथे टॉवरच नव्हता. नंतर गेल्या महिन्यातली ती सकाळ, गाडी आलीच नाही. ऊन अंगणातून ओट्यावर चढलं, धुरपताबाई येऊन बसल्या, चहा दोनदा झाला. मागून कळलं की जंगलात रस्त्यावर हत्ती आडवे आले होते आणि वनखात्यानं दोन्हीकडच्या गाड्या थांबवून ठेवल्या होत्या. दामिनी आली ती हसतच उतरली. हत्तीचं पिल्लू आईच्या पोटाखालून कसं डोकावत होतं ते पोरांना सांगायला लागली. सुरेंद्र मागच्या अंगणात जाऊन बसला होता. ती सांगत होती आणि त्याला एकच वाटत होतं, ही इतकी आनंदात कशी?

आणि खरं दुखणं ते होतं. तिला रात्री बाहेर काही होईल याची त्याला भीती वाटायची, ती तर कुणालाही वाटेल. पण तिला तिथे फार बरं वाटत असेल, याची त्याहून जास्त वाटायची. वर्कशॉपातली पोरं सोमवारी येऊन सांगायची, भाऊ, काल वहिनी आमच्या गावात होती, काय रडली बाप्पा, आमच्या बुढीनं तं डोळ्याचा पदर काढला नाई. दामिनी नाटकात आई होते. हिरो वयानं तिच्या काकाएवढा, आणि ही त्याची आई, केसांना पावडर लावून. हरवलेल्या लेकासाठी हंबरडा फोडते तेव्हा मंडपातल्या बाया उठून स्टेजपाशी येतात म्हणे. सगळ्या जिल्ह्यानं त्याच्या बायकोचा आवाज ऐकला होता. त्यानं ऐकून जमाना झाला होता. पोरं झाल्यापासून कुणीतरी घरी राहायलाच पाहिजे. त्याच्या वाट्याला यायची ती सकाळची घोगरी, थकलेली, ‘डाळीत मीठ कमी हाय’ म्हणणारी. लग्नाआधी त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं ते वैनगंगेकाठच्या एका मंडईत. तेव्हा ती कुणाची तरी धाकटी बहीण होती आणि तिला चारच वाक्यं होती, पण विंगेत गेल्यावर ती कशावरून तरी हसली होती, ते हसू माइकनं पकडलं आणि साऱ्या मंडपाला ऐकू आलं. करुण प्रसंग होता, लोक रागावले. सुरेंद्र तेवढा रागावला नाही. तो घोंगडी पांघरून बसला होता आणि त्याच्या अंगावर काटा आला होता.

घरी आला तेव्हा धुरपताबाईंनी खुणेनंच सांगितलं की पवनही झोपला आहे, आणि त्या गेल्या. प्रियानं दप्तर असं ठेवलं की त्याच्या बकलाचासुद्धा आवाज होऊ नये. आधी दप्तराचं बूड जमिनीवर टेकवलं, मग हळूच आडवं केलं. बसून आधी एक बूट, मग दुसरा. हे ती रोज करत असणार. आज त्यानं पाहिलं. पाहवेना. त्याच्या मनात वाक्य तयार झालं, पुरे झालं आता. आज गाडी येईल तेव्हा सांगून टाकू, बाई येणार नाही, आज नाही, उद्या नाही. पोरीचा आवाज गेला, आणखी काय जायचं राहिलं? हे वाक्य त्याला फार बरोबर वाटलं. तो मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा म्हणून बघू लागला, आणि मधल्या खोलीच्या दाराशी, भिंतीला पाठ लावून खाली बसला. आत दामिनी कुशीवर झोपली होती, एक हात गादीबाहेर. खिडकीला जुनी साडी लावलेली, तिच्यातून हिरवट उजेड येत होता आणि सगळी खोली तळ्याच्या तळाशी असावी तशी दिसत होती.

त्याला डुलकी लागली की नाही, सांगता येत नाही. रात्रीची झोप अशी त्याचीही होत नव्हती. दोन्ही कुशीला दोन पोरं आणि कान बाहेर. हिरवा उजेड हलत होता आणि तो गावच्या तलावाच्या पाळीवर होता. बाबा कमरेएवढ्या पाण्यात जाळं सोडत होते. ढिवराच्या घरी हे रोजचंच, अंधार पडला की बाबा तलावावर जायचे, आणि आई घरात दिवा बारीक करून सगळ्यांना गप्प बसवायची. खेळ बंद, बोलणं बंद, भांडं आपटलं तर पाठीत धपाटा. लहानपणी त्याला वाटायचं, आपल्या आवाजानं तिकडे मासोळ्या पळत असतील. पुढे समजलं की आईला पाळीवरून येणारी पावलं ऐकायची असत. ती पावलं एकदाही चुकली नाहीत. बाबा रोज आले, ओल्या धोतरानं, डोक्यावर टोपली, आणि पुढे म्हातारे होऊन घरातल्या खाटेवर, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत गेले. तरीही नंतर कित्येक वर्षं दिवे लागले की आई नातवंडांना म्हणायची, चूप बसा रे जरा. कुणाची वाट बघते, असं कुणी विचारलं नाही. आता ती पाळीवर बसली होती, तिच्या तोंडाशी प्रियाचा कान होता की प्रियाच्या तोंडाशी तिचा, आणि पाण्यात बाबांच्या जागी गुलाबी गालांची कुणी बाई जाळं ओढत मोठमोठ्यानं काही सांगत होती. पाण्यावरून त्याच्यापर्यंत नुसता वारा येत होता. तो तिला हाक मारायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, आपल्यालाही आवाज नाही. जाग आली तेव्हा घसा खरंच कोरडा पडला होता.

दामिनी उठून बसली होती. केस मोकळे, चादर छातीशी धरलेली, दचकून जागं झालेल्या माणसासारखी इकडे-तिकडे बघत होती. त्याला दाराशी पाहून तिनं श्वास सोडला. “पोरं कुठी हाय?” तिनं विचारलं. घरातच आहेत, असं त्यानं खुणेनं दाखवलं. प्रिया ओट्यावर चित्र काढत होती, पवन झोळीत. “मग काऊन असं शांत हाय?” ती म्हणाली. “रोज मले याच्यानंच जाग येते. भेव वाटते.”

त्याला आधी कळलंच नाही. मग त्यानं तिला मॅडमचं सांगितलं, एकेक शब्द जपून. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला, पोस्टरवर उतरतो तसा नव्हे, अगदी साधा. त्यानं ठरवलेल्या वाक्याला हात घातला, तुझ्या झोपेपायी हे झालं, असं काहीतरी तो म्हणाला. तेव्हा ती म्हणाली, झोपेपायी? आणि बोलायला लागली. तिचे बाबा दादाजी, जुन्या काळात नाटकात बायांची कामं करायचे. नऊवारी नेसून, कंबर लचकवून. लहानपणी ते तिला सोबत न्यायचे आणि स्टेजच्या खाली, फळ्यांच्या बुडाशी, धानाच्या तणसाच्या ढिगात झोपवून द्यायचे. डोक्यावर पाय आपटत, ऑर्गन वाजे, तबला वाजे, भोंगा तर कानाशीच, आणि ही ढाराढूर. आवाज थांबला की जागी व्हायची, कारण आवाज थांबला म्हणजे नाटक संपलं आणि बाबा आपल्याला विसरून गेले तर? “मी तुमाले कधी म्हटलं, पोरायले चूप ठेवा म्हून? एक डाव तरी?”

त्यानं आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं. प्रिया झाल्यानंतरच्या पहिल्या हंगामात ती थकून आली आणि झोपली, तेव्हा त्यानं आपल्या मनानंच प्रियाच्या ओठांवर बोट ठेवलं होतं. पुढे कुणी कुणाला विचारलं नाही. “मले वाटे,” दामिनी म्हणाली, आणि आता तिचा आवाजही खाली गेला होता, “तुमी माह्यावर रुसले हा. मी घरात आली का सारे चूप. पोरंबी. माह्यासंग बोलनं सोडलं तुमी साऱ्यायनं, असंच वाटे मले.”

आता याला काय म्हणावं! एक बाई रोज सकाळी घरी येते आणि आपल्यावर घरादारानं अबोला धरला आहे असं समजून भिंतीकडे तोंड करून झोपते, आणि एक माणूस तिच्यासाठी शिट्या-घंट्या काढून ठेवतो आणि मनात म्हणतो, बघ किती करतो मी. सुरेंद्रला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण ती अगदीच चुकीचं समजली होती असंही नव्हतं. त्या शांततेत रुसवा होताच. रोज थोडा थोडा त्यानंच घातला होता, डाळीत मीठ घालावं तसा, आणि पोरांच्या हातून वाढला होता. हे तिला सांगावं असं त्याला वाटलं. पण सांगताना भलतंच बाहेर आलं. “तरी नोको जाऊ,” तो म्हणाला. “मले नाई सोसत. तू तिकडं राह्यते आन् माहा जीव इथी राह्यत नाई. पोरगी ते पोरगी, माहं काय? मी रातभर पडून राह्यतो, का आता ही येनारच नाई म्हून.”

ती उठली, तोंड धुतलं, पवन जागा झाला होता त्याला झोळीतून काढलं आणि मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत बसली. गाडीचा हॉर्न वळणावर वाजला तेव्हा ती पोराची नखं बघत होती. बॅग भिंतीशी तशीच होती. “नाई जात,” ती म्हणाली. “जा, तुमीच सांगून या.” तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. खरंच जाणार नव्हती ती.

सुरेंद्र बाहेर आला. गाडी फाटकाशी उभी, दार उघडं, आणि आतून भट्टीचं झाकण काढल्यावर धग यावी तसा गलका बाहेर येत होता. कुणी कुणाची नक्कल करत होतं, एक पोरगा आपलं भाषण घोकत होता, मागे दोघी कशावरून तरी जोरजोरात भांडत होत्या आणि बाकीचे त्यांना आणखी चढवत होते. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती, तिथे उशी ठेवलेली. या कल्लोळात ती येताना झोपते, त्याच्या मनात आलं, इथेच तिची झोप होत असणार. पुढे मफलर गुंडाळून बसलेले लटारूभाऊ, ऑर्गन वाजवणारे म्हातारे, खाली वाकून म्हणाले, “का जी सुरेंद्रभाऊ, बाई कुठी हाय? दूर जाचं हाय आज.” त्याचं वाक्य तयार होतं. आज नाही, उद्या नाही. म्हणायचं तेवढं राहिलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे आजची संध्याकाळ आली. दार लावलेलं. दामिनी घरात. कणीक मळताना ती बांगड्या कोपरापर्यंत सरकवून घेईल, पातेलं अलगद खाली ठेवेल, आणि त्याला काही सांगायचं असलं की जवळ येऊन हळूच सांगेल. तीही शिकेल. फार वेळ लागणार नाही, पोरांनाही लागला नव्हता. मग या घरात चौघं होतील एकमेकांच्या तोंडाशी कान नेणारी, आणि दिवे लागले की आपण सगळ्यांना चूप बसवून ऐकत राहू, कुणाचं येणं, कोण जाणे.

“येऊन राह्यली,” तो म्हणाला. “चहा पिऊन राह्यली. थांबा दोन मिन्टं.”

आत ती तशीच बसलेली होती. तिनं वर पाहिलं, सांगितलं का, असं नजरेनंच विचारलं. प्रिया दाराच्या चौकटीला टेकून दोघांकडे बघत होती. त्यानं बॅग उचलून दामिनीपुढे ठेवली आणि म्हणाला, ऊठ, गाडी थांबली आहे, तू येते म्हणून मी सांगितलं. ती उठली नाही. नवऱ्याचा असा चांगुलपणा बायकोनं पूर्वी पाहिलेला असतो, त्याचं बिल सकाळी येतं हे तिला माहीत असतं.

“आता जा म्हनता,” ती म्हणाली, “आन् सकारी आली का मलेच बोल लावसान.”

“लावीन,” सुरेंद्र म्हणाला. “रोज लावीन. पोरं आजारी पडली तं लावीन, नाई पडली तरी लावीन. तू ये फक्त.”

ते इतक्या मोठ्यानं निघालं की बाहेर गाडीतलं बोलणं थांबलं.